उन्हाळी लागली म्हणून सोडून देऊ नका

मैत्रिणींनो, हा विषय चारचौघींत काढायचा नसतो असे आपल्याला लहानपणापासून शिकवलेले असते. हळदीकुंकवाला आपण गुडघेदुखी बोलतो, मुलांचे टॉन्सिल्स बोलतो, एखादीच्या सासऱ्यांच्या मूळव्याधीचीही चौकशी करतो. पण लघवीला जळजळ होते हे मात्र कुणी कुणाला सांगत नाही. सांगायचेच झाले तर स्वयंपाकघरात, कानाशी लागून, "अगं, मला जरा उन्हाळी लागलीय" एवढेच. ऐकणारीही तितक्याच हलक्या आवाजात म्हणते, "धन्याचं पाणी पी. नाहीतर मेडिकलमधून गोळी आण."

मीही एकीला असेच सांगितले होते. नुसते सांगितले नाही, गोळ्याच काढून दिल्या होत्या.

सात वर्षांपूर्वीचा एप्रिल. आमचे घर सिडकोत. ज्यांना आपले छत्रपती संभाजीनगर माहीत आहे त्यांना इथला एप्रिल काय असतो ते सांगायला नको. जायकवाडीचे धरण १९७६ साली पुरे झाले, पैठण इथून पन्नासेक किलोमीटर. तरी गेली कित्येक वर्षे आपल्या नळाला चार-चार, आठ-आठ दिवसांनी पाणी येत आलेले. घरात पाणी भरून ठेवायचे ते बाईने, आणि जपून वापरायचे तेही बाईनेच. त्यात माझी सकाळची शाळा. घोटभर चहा घेऊन निघायचे ते एक वाजता घरी यायचे. तोवर पाणी नाही आणि 'जाणे'ही नाही. एके दिवशी जळजळ सुरू झाली. दर पंधरा मिनिटांनी जावेसे वाटे, आणि गेले की चार थेंब. डोळ्यांत पाणी येई. डॉक्टरकडे जायला वेळ कुणाला आहे? कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याला दबक्या आवाजात सांगितले. त्याने सिप्रोफ्लॉक्सासिन जातीच्या दहा गोळ्यांची पट्टी कागदात गुंडाळून दिली. दोन दिवसांत मला आराम पडला. चार गोळ्या पोटात गेल्या, सहा उरल्या. टाकून कशाला द्यायच्या, म्हणून पिनांच्या डब्यात जपून ठेवल्या.

पंधरा दिवसांनी माझी धाकटी जाऊ भांडी पुसता पुसता म्हणाली, "ताई, मला पण तसंच होतंय हो." तिला पाचवा महिना होता. सासूबाईंसमोर बोलायची तिला लाज, दीर कामावर. मी मोठ्या शहाणपणाने डबा उघडला आणि त्या सहा गोळ्या तिच्या हातावर ठेवल्या. "सकाळ-संध्याकाळ घे. मला दोन दिवसांत गुण आला."

तिलाही थोडे बरे वाटले. निदान ती तसे म्हणाली. मग आठवड्याने एका रात्री तिला हुडहुडी भरून ताप आला. तीन गोधड्या घातल्या तरी दात वाजत होते. पाठीत उजव्या बाजूला, बरगडीखाली, हात लावू देईना. दोनदा उलटी झाली. ह्यांनी रिक्षा आणली आणि आम्ही तिला दवाखान्यात नेले. डॉक्टरीणबाईंनी पाठीवर हलकेच थोपटले तशी ती ओरडलीच. संसर्ग मूत्राशयातून वर चढून मूत्रपिंडापर्यंत गेला होता. "आधी कुठल्या गोळ्या घेतल्या का?" त्यांनी विचारले. जाऊ काही बोलली नाही, तिने फक्त माझ्याकडे पाहिले. सांगायचे ते मीच सांगितले, मान खाली घालून. गरोदर बाईला ती गोळी सहसा देतच नाहीत, हे मला त्या दिवशी कळले.

तिसऱ्या दिवशी लघवीच्या कल्चरचा रिपोर्ट आला. मी बी.ए. झालेली, शाळेत मराठी शिकवते. विज्ञानाशी माझा संबंध दहावीला संपलेला. पण तो कागद मी इतक्यांदा वाचला की अजून डोळ्यांसमोर आहे. वर जंतूचे नाव: ई. कोलाय. खाली औषधांची लांबलचक यादी, आणि प्रत्येकापुढे इंग्रजी एस नाहीतर आर हे अक्षर. एस म्हणजे जंतू त्या औषधाला शरण जातो. आर म्हणजे त्याला दाद देत नाही. मी दिलेल्या गोळीपुढे आर होते. तिच्याखालीही आर, आणखी खाली आर. एस होते ते जवळजवळ सगळे शिरेतून द्यायच्या इंजेक्शनांपुढे.

त्या आठ-दहा दिवसांत दवाखान्याच्या बाकावर बसून जे विचारले, आणि नंतर जे वाचले, ते आता तुमच्यासमोर ठेवते.

ई. कोलाय हा काही बाहेरून आलेला चोर नव्हे. तुमच्या-माझ्या प्रत्येकीच्या आतड्यात तो गुण्यागोविंदाने राहतो. थिओडोर एशेरिश या बालरोगतज्ज्ञाने १८८५ साली तान्ह्या मुलांच्या शीमध्ये त्याला प्रथम पाहिले आणि त्याच्यावरूनच पुढे हे नाव पडले. आतड्यात तो निरुपद्रवी असतो. मात्र त्याच्या काही जाती अशा आहेत की लघवीच्या वाटेवर पोचल्या की त्यांचे स्वरूपच बदलते. साध्या मूत्रसंसर्गाच्या दर चार प्रसंगांपैकी तीनांत तरी हाच असतो. आणि बायकांतच हे दुखणे इतके का, तर देवाने, किंवा निसर्गाने म्हणा, आपली मूत्रनलिका ठेवली जेमतेम दीड इंचाची. पुरुषांची वीस सेंटिमीटरच्या आसपास. शिवाय आपल्याकडे गुदद्वार आणि मूत्रद्वार अगदी शेजारी-शेजारी. जंतूला फार चालावे लागत नाही. जगातल्या निम्म्या बायकांना आयुष्यात एकदा तरी हा त्रास होतो. तेव्हा ज्या घरात चार बायका, तिथे दोघींनी तरी तो निमूट सोसलेला असतोच. आणि त्याचा स्वच्छतेशी किंवा चालचलणुकीशी संबंध लावून कुणी नाक मुरडत असेल, तर तिला हा परिच्छेद वाचून दाखवा.

आता प्रश्न असा, की लघवीच्या धारेबरोबर हे जंतू वाहून का जात नाहीत? मला याचे फार नवल वाटले होते. आघाडा तुम्ही पाहिला असेल. मंगळागौरीची पत्री तोडायला गेले की त्याच्या बिया पदराला अशा चिकटतात की एकेक वेचून काढावी लागते. या जंतूंच्या अंगावर तसेच केस असतात, अतिशय बारीक, आणि प्रत्येकाच्या टोकाला जणू एक आकडा. मूत्राशयाच्या आतल्या अस्तरावर मॅनोज नावाची एक साखर असते, तिला तो आकडा पकडतो. गंमत पुढेच आहे. धारेचा जोर वाढला की ही पकड सुटायच्या ऐवजी आणखी घट्ट होते. ओढाल तितकी आवळते. म्हणून नुसते भरपूर पाणी पिऊन चालू संसर्ग धुऊन निघेल ही खात्री देता येत नाही.

बरे, एवढ्यावरही हा थांबत नाही. काही जंतू अस्तराच्या पेशींच्या आत शिरून बसतात. अमेरिकेत सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी २००३ साली उंदरांच्या मूत्राशयात हे दाखवले: पेशीच्या आत जंतूंचा गच्च भरलेला गोळा, शेंगेत दाणे असावेत तसा. पुढे आजारी स्त्रियांच्या लघवीतही अशा पेशी सापडल्या. तिथे ना शरीराचे शिपाई पोचत, ना औषध पुरेसे पोचत. वरवर बरे वाटते, आणि महिन्याने पुन्हा तेच सुरू. "माझं पूर्ण जातच नाही गं," असे म्हणणारी बाई भ्रमिष्ट नसते, एवढे यातून समजावे.

इतरही मंडळी आहेत. प्रोटिअस नावाचा जंतू लघवीतल्या युरियाचे तुकडे करतो. त्याने लघवी अल्कधर्मी होते, क्षार खाली बसतात आणि खडे धरतात. बोअरच्या पाण्याने पातेल्याला पांढरा थर बसतो ना, तसलाच प्रकार. दवाखान्यात नळी घातलेल्या रुग्णांना क्लेबसिएला, स्यूडोमोनास हे जास्त छळतात. पण आपल्या घरातला मुख्य पाहुणा ई. कोलायच.

आता 'आर' या अक्षराकडे येऊ. अनुकूल परिस्थितीत ई. कोलाय वीस मिनिटांत एकाचे दोन होतो. गणित करून पाहा: एका जंतूचे आठ तासांत दीड कोटीहून जास्त. इतक्या कोटींच्या गर्दीत एखाद्याच्या नकलेत चूक होतेच, आणि ती चूक कधी त्याच्या फायद्याची ठरते. एखादा औषध बाहेर फेकणारा पंप जोरात चालवू लागतो. एखादा औषध जिथे लागू पडते ती जागाच बदलून टाकतो. एखाद्याकडे औषधाचे तुकडे करणारी कात्री असते. पेनिसिलिनच्या कुळातली औषधे जंतूची बाहेरची भिंत नीट बांधू देत नाहीत. कात्रीवाला जंतू औषधच कापून टाकतो आणि भिंत खुशाल बांधत राहतो.

सगळ्यांत चिंतेची गोष्ट आहे ती उसनवारीची. आपण शेजारणीला लोणच्याची कृती चिठ्ठीवर लिहून देतो, ती तिच्या बहिणीला देते, आणि वर्षभरात सगळ्या गल्लीत एकच लोणचे. जंतूंकडे अशाच चिठ्ठ्या असतात. त्यांना प्लाझ्मिड म्हणतात. एका चिठ्ठीवर चार-चार औषधांच्या तोडीच्या कृती असतात आणि हे ती चिठ्ठी परक्या जातीच्या जंतूलाही देतात. ई. कोलाय क्लेबसिएलाला देतो, तो आणखी कुणाला.

यात गोळीचे काम काय? ती गोळी नुसती मूत्राशयात जात नाही, ती आतड्यातही जाते. तिथले साधे, गरीब जंतू मरतात आणि दाद न देणारे राहतात. शेतातले पीक उपटून हरळीला रान मोकळे करून द्यावे तसे होते. मग पुढच्या वेळी लघवीच्या वाटेने चढतो तो यातलाच एखादा. मी दिलेल्या सहा गोळ्यांनीच जावेच्या पोटात तो जंतू तयार झाला असे मला कोणी म्हणाले नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तो आधीपासूनही असेल. पण त्या गोळ्यांनी जळजळ तेवढी दबली, तपासणी लांबली, आणि आठवडाभर जंतूला वर चढायला सवड मिळाली. एवढे माझ्याकडे निश्चित लागते.

आता हा प्रकार किती पुढे गेला आहे पाहा. कात्रीवाल्या जंतूंच्या एका दांडग्या घराण्याची पहिली नोंद जर्मनीत १९८३ साली झाली. ईएसबीएल हे त्याचे लघुनाव. जावेच्या रिपोर्टवर तळाशी हेच लिहिले होते. त्यातलाच आज जगभर पसरलेला एक प्रकार प्रथम ओळखला गेला तो १९९९ साली दिल्लीत घेतलेल्या नमुन्यांतून. यांच्यासाठी डॉक्टरांनी मेरोपेनेमच्या वर्गातली भारी इंजेक्शने राखून ठेवली होती. मग २००८ साली स्वीडनमध्ये भारतीय वंशाचे एक गृहस्थ आले, जे आधी दिल्लीत दवाखान्यात राहिलेले होते. त्यांच्या लघवीत, नीट ध्यानात घ्या, लघवीतच, क्लेबसिएला सापडला, आणि त्याच्याकडे या राखीव औषधांनाही कापणारी कात्री होती. तिचे नाव ठेवले 'न्यू दिल्ली मेटॅलो-बीटा-लॅक्टमेज', थोडक्यात एनडीएम-१. आपल्या राजधानीचे नाव एका रोगट कात्रीला दिले म्हणून २०१० साली देशात बराच गहजब झाला, सरकारनेही हरकत घेतली. नावाचा राग मलाही येतो. पण त्याच वर्षी मार्चमध्ये मुंबईच्या हिंदुजा हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांनी आपल्याच देशातल्या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःची नोंद छापली होती: ऑगस्ट ते नोव्हेंबर २००९ या तीन महिन्यांत त्यांना या राखीव औषधांना दाद न देणारे २४ जंतू मिळाले आणि त्यांपैकी २२ जणांकडे हीच कात्री होती. परक्यांनी नाव ठेवले असेल, पण घरातले दुखणे घरच्यांनीच सांगितले होते. २०११ साली दिल्लीतल्या रस्त्यावरच्या साचलेल्या पाण्यात आणि नळाच्याही दोन नमुन्यांत ही कात्री सापडल्याचे प्रसिद्ध झाले. म्हणजे दवाखान्याची पायरी न चढलेल्या बाईच्या आतड्यातही ती पोचू शकते.

आणि आता आपल्या गावाची गोष्ट. जालना रोडने चिकलठाण्याकडे जाताना एमआयडीसीतल्या औषध कंपन्या आपण रोज पाहतो. त्यांत वोक्हार्टचे संशोधन केंद्र आहे. या जंतूंवर तोड काढायला तिथे वर्षानुवर्षे काम चालले. त्यातून झिडेबॅक्टम नावाचा रेणू निघाला. याची युक्ती मला फार आवडली. पूर्वी औषधाबरोबर एक सोबती द्यायचे, जो कात्री धरून ठेवी. पण एनडीएमची कात्री त्या सोबत्यांना जुमानत नाही. झिडेबॅक्टम स्वतःच जंतूच्या भिंत बांधण्याच्या यंत्राचा एक भाग पकडतो, आणि सोबत दिलेले सेफेपिम हे जुने औषध दुसरा भाग पकडते. दोन्हीकडून आवळले की भिंत उभी राहत नाही. तिसऱ्या टप्प्यातली मोठी चाचणी कशावर घेतली, तर गुंतागुंतीच्या मूत्रसंसर्गावरच. अनेक देशांतले ५३० रुग्ण होते. कंपनीने जानेवारी २०२५ मध्ये जाहीर केलेल्या निकालानुसार नव्या जोडीने शंभरात ८९ जणांना पूर्ण गुण आला, मेरोपेनेमने ६८ जणांना.

वाचून ऊर भरून आला, खोटे कशाला सांगू! पण लगेच मनात आले, की हेही शिरेतून द्यायचे इंजेक्शन, दवाखान्यात पडून घ्यायचे. ज्या शहरात बायकांच्या लघवीच्या आजारावर जगाला दाखवावे असे औषध शोधले जाते, त्याच शहरात बाजारात गेलेली बाई संध्याकाळपर्यंत पाणी पीत नाही, कारण जायला जागा नाही. गुलमंडीला साड्या घ्यायला गेलेल्या कुठल्याही बाईला विचारा.

माझ्यासारखीला जे करता येण्याजोगे आहे त्यातली मुख्य गोष्ट म्हणजे कल्चर, आणि ते पहिली गोळी घेण्याआधी. एकदा का औषध पोटात गेले की जंतू दबतो आणि तपासणीत नीट उगवत नाही. प्रयोगशाळेतून मिळते तीच निर्जंतुक बाटली घ्यावी, घरातली उकळलेली मुरंब्याची बरणी नको. हात धुवावेत, पाण्याने जागा स्वच्छ करावी, पहिली धार सोडून द्यावी आणि मधली बाटलीत धरावी. बाटली तास-दोन तासांत पोचवावी. उशीर होणार असेल तर फ्रीजमध्ये खालच्या कप्प्यात ठेवावी (सासूबाईंना आधी सांगून, नाहीतर आमच्याकडे झाले तसे रामायण होते). निकालाला दोन-तीन दिवस लागतात. आपल्या घाटीसारख्या सरकारी दवाखान्यातही ही तपासणी होते.

तपासतात कसे, तेही ऐकण्यासारखे आहे. पुरीएवढ्या पसरट ताटलीत एक घट्ट जेली असते, तिच्यावर तुमचे जंतू पसरतात आणि वर निरनिराळ्या औषधांत भिजवलेल्या कागदाच्या टिकल्या ठेवतात. ज्या टिकलीभोवती स्वच्छ वर्तुळ पडते ते औषध चालले. जिच्या कडेपर्यंत जंतू वाढतात ते फुकट गेले. आणि ही जेली कशाची, तर अगर-अगरची, म्हणजे आपण दुधाच्या हलव्याला वापरतो त्या चायना ग्रासची! जंतुशास्त्रात ती आणली कोणी? एका गृहिणीने. जर्मनीत रॉबर्ट कॉखच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या वॉल्टर हेसे यांची जिलेटिनची जेली उन्हाळ्यात वितळून जाई. १८८१ च्या सुमारास त्यांच्या पत्नीने, फॅनीबाईंनी, सुचवले की मी घरी गोड पदार्थाला वापरते ते अगर घेऊन पाहा, ते उन्हात वितळत नाही. आजही जगभर तेच वापरतात. कल्चरच्या रिपोर्टवर त्यांचे नाव कुठे नसते, म्हणून इथे लिहिले.

साध्या मूत्राशयाच्या संसर्गाला नायट्रोफ्युरँटॉइन आणि फॉस्फोमायसिन ही जुनी औषधे पुष्कळदा अजून लागू पडतात. जुनी म्हणजे कमी प्रतीची असे नाही. पण कोणते, किती दिवस, हे डॉक्टरांनी ठरवायचे. त्यांनी पाच दिवस सांगितले तर पाच. बरे वाटले म्हणून दोनावर थांबायचे नाही आणि भीती वाटते म्हणून दहाही घ्यायच्या नाहीत. उरल्याच तर त्या कुणाच्या हातावर ठेवायच्या नाहीत. औषधाच्या पट्टीवर उभी लाल रेघ दिसते ना, ती याचीच खूण आहे: डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय नाही. यातली काही भारी औषधे तर १ मार्च २०१४ पासून निराळ्या यादीत घातलेली आहेत, त्यांच्या विक्रीची रुग्णाच्या आणि डॉक्टरांच्या नावानिशी नोंद दुकानदाराने तीन वर्षे ठेवायची असते. तरी "जळजळीची गोळी द्या" म्हटले की अजून कुठे कुठे मिळतेच. दुकानदाराला नावे ठेवताना मागणारी मीच होते हे मी विसरत नाही.

धन्याचे पाणी, बार्लीचे पाणी, सब्जा, वाळा यांच्याशी माझे भांडण नाही. पोटात पाणी जाते, गार वाटते. मेडिकलमध्ये मिळणारे आंबट-गोड पातळ औषधही जळजळ शमवते. जंतू मात्र यांपैकी कशानेही मरत नाही. ताप, हुडहुडी, पाठीत कळ, उलटी, लघवीत रक्त यातले काहीही असले तर काढा उकळत बसायचे नाही. गरोदरपणात तर नुसती जळजळ पुरे. आणि काहीच त्रास नसला तरी सुरुवातीला एकदा लघवीची तपासणी करून घ्यावी, कारण त्या दिवसांत जंतू मुकाट्याने राहतात आणि नंतर वर चढतात. मधुमेही बाईने असेच जपावे. उलट, म्हाताऱ्या माणसाला काही त्रास नाही, नुसत्या रिपोर्टमध्ये जंतू दिसले, तर बहुधा औषध द्यायचे नसते. आमच्या सासूबाईंच्या वेळी डॉक्टरांनी हेच सांगितले तेव्हा घरात सगळ्यांना ते आळशी वाटले. ते बरोबर होते.

पाण्याबद्दल थोडे जास्त सांगते. चालू संसर्ग पाण्याने जाईलच असे नाही, पण पुन्हा होण्याचे प्रमाण कमी होते, हे सिद्ध झालेले आहे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बल्गेरियातल्या १४० स्त्रिया घेतल्या होत्या. सगळ्यांना वरचेवर हा त्रास, आणि सगळ्याच दिवसाला दीड लिटरहून कमी पिणाऱ्या. निम्म्यांना रोज आणखी दीड लिटर पाणी प्यायला लावले. वर्षभरात त्यांना सरासरी १.७ वेळा त्रास झाला, बाकीच्यांना ३.२ वेळा. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल तर आधी विचारावे, बाकीच्यांनी प्यावे. लघवी अडवून धरू नये. शौचानंतर पुढून मागे धुवावे, मुलींनाही लहानपणीच तसे शिकवावे. नवीन लग्न झालेल्या मुलींना हा त्रास एकाएकी सुरू होतो आणि त्या घाबरतात. संबंधानंतर लघवीला जाऊन येणे हा साधा उपाय त्यांना कुणी सांगत नाही. आईने नाही तर मोठ्या बहिणीने तरी सांगावा. पाळी गेल्यावर पुन्हा एकदा हे दुखणे वाढते, कारण त्या भागातले चांगले जंतू कमी होतात. त्यावर डॉक्टरांकडे लावायचे औषध असते, लाजू नये.

माझ्या वर्गातल्या मुलींच्या पाण्याच्या बाटल्या मी हल्ली रोज पाहते. सातवीचा वर्ग आहे. सकाळी आईने भरून दिलेली बाटली दुपारी तशीच्या तशी भरलेली परत जाते. विचारले तर एकमेकींकडे बघून हसतात. एकीने शेवटी सांगितले, "बाई, प्यायलं की जावं लागतं, आणि तिथं कडी नाहीये." कडी बसवायला मला अडीच महिने आणि चार अर्ज लागले. पाण्याचे पिंप अजून व्हायचे आहे.

जाऊ तेव्हा सुखरूप घरी आली. इंजेक्शने पुरी झाली, दिवस भरले, मुलगी झाली. ती पोरगी आता माझ्याच शाळेत पहिलीत आहे आणि बाटली रिकामी करून आणते. जावेला मागच्या महिन्यात पुन्हा जळजळ झाली. सकाळी सहाला तिचा फोन आला. "ताई, गोळी नाही घेतली हं. बाटली कुठून आणायची तेवढं सांगा." मी तिला घेऊन गेले. डॉक्टरांनी रिपोर्ट येईपर्यंत घ्यायला नायट्रोफ्युरँटॉइन लिहून दिले. तिसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. जंतू तोच, ई. कोलाय. गोळीपुढचे अक्षर आम्ही दोघींनी जिन्यातच पाहिले. एस होते. पाच दिवसांच्या दहा गोळ्या तिने मोजून घेतल्या, आणि रिकामी पट्टी मला दाखवायला आणली.